पोवाडे जमवणारा आयुक्त आणि रस्त्यावरून हटवलेली माणसे

पोवाड्यांच्या अभ्यासकांना ॲक्वर्थ हे नाव नवे नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा छापील रूपात आपल्यापर्यंत पोहोचला, त्यात या संग्रहाचा वाटा मोठा आहे. १८९४ साली त्यांनी निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यरूपही प्रसिद्ध केले. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव एखाद्या तळटीपेत वाचले असेल आणि पान उलटले असेल.

हेच हॅरी ॲक्वर्थ १८९० साली मुंबईचे महापालिका आयुक्त होते. त्याच वर्षी, त्यांच्याच पुढाकाराने, माटुंग्याला म्हणजे तेव्हाच्या शहराच्या अगदी कडेला, निराधार कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयस्थान उघडले. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. एका हाताने मराठ्यांचा विस्मृतीत जाऊ पाहणारा इतिहास वाचवणारा हा अधिकारी दुसऱ्या हाताने शहराच्या रस्त्यावरून काही माणसांना दूर करत होता. आजचा धागा या दुसऱ्या हाताविषयी आहे, आणि त्या हाताची खूण आपल्या आजच्या पदपथांवर कशी उरली आहे, याविषयी.

माझे म्हणणे आरंभीच सांगते. आपली शहरे अपंगांना वापरता येत नाहीत, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे की नियोजन करणाऱ्यांच्या ते ध्यानात आले नाही. उतार राहून गेला, लिफ्ट राहून गेली. मला हे स्पष्टीकरण फार सौम्य वाटते. राहून जाण्यासाठी आधी ती माणसे रस्त्यावर असावी लागतात. ती रस्त्यावर दिसू नयेत अशी व्यवस्था कायद्याने केली होती, आणि पायऱ्यांचे, उंच कठड्यांचे शहर त्यानंतर त्या मोकळ्या केलेल्या रस्त्यावर उभे राहिले. विसर आणि हकालपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात.

आता थोडे मागे जाऊ. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू ओळखला. १८८९ साली मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले, आणि इंग्लंडात भीतीची लाट उसळली. साम्राज्यातील हा रोग उद्या आपल्या दारात येईल, अशी ती भीती होती. चौकशीसाठी एक आयोग भारतात आला आणि १८९०-९१ मध्ये देशभर फिरला. त्याचा निष्कर्ष मात्र भीतीच्या विरुद्ध गेला : संसर्गाचा धोका अल्प आहे, सरसकट सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

वैद्यकाने असा कौल दिल्यानंतर कायदा थांबायला हवा होता. तो थांबला नाही, कारण त्याची चिंता मुळात निव्वळ रोगाची नव्हती. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा वाचा. त्यात पोलिसांना वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार आहे, पण तो प्रत्येक कुष्ठरोग्याविरुद्ध नाही. तो ‘दरिद्री कुष्ठरोग्या’विरुद्ध आहे. दरिद्री कुष्ठरोगी कोण? जो उघड्यावर भीक मागतो, भिकेसाठी आपली जखम वा व्यंग दाखवतो, किंवा ज्याला निर्वाहाचे दिसणारे साधन नाही असा मोकळा फिरणारा. घरात झाकून राहणारा सधन रोगी या व्याख्येत बसत नाही. जंतूला गरीब-श्रीमंत कळत नाही, कायद्याला कळत होते. गुन्हा होता तो दिसण्याचा.

त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद आजच्या विषयाशी थेट भिडते. कायदा लागू केलेल्या क्षेत्रात कुष्ठरोग्यांना सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर पाणी भरण्यास आणि भाड्याच्या सार्वजनिक गाडीत बसण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला होता. रेल्वेचा डबा तेवढा वगळला होता. शहरातील प्रवास आणि पाणी, म्हणजे नागरिकाचे रोजचे जगणे, विशिष्ट शरीराच्या माणसाला नाकारता येईल, असे लिहून ठेवलेले आपल्या कायद्याच्या पुस्तकात होते.

योगायोग असा की त्याच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. प्लेगनंतर दाट वस्त्या पाडून रुंद, हवेशीर रस्ते काढण्यासाठी तो होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि दादर-माटुंग्याची आखणी हे त्याचेच काम. या दोन कायद्यांमागे एकच डोके होते असे मी म्हणत नाही. एक मुंबई प्रांताचा होता, दुसरा मध्यवर्ती सरकारचा. परंतु शहर ‘सुधारणे’ म्हणजे रस्ते रुंद करणे आणि त्यांवर कोण दिसावे हे ठरवणे, ही दोन्ही कामे त्या काळाला एकाच जातीची वाटत होती, एवढे म्हणता येते.

हे केवळ वसाहतीत घडत होते असेही नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १८६७ साली आणि शिकागोने १८८१ साली असे नगरनियम केले की रोगट, लुळ्यापांगळ्या किंवा विद्रूप दिसणाऱ्या माणसाने सार्वजनिक जागी स्वतःचे प्रदर्शन करू नये. शिकागोतला नियम रद्द व्हायला १९७४ साल उजाडले. तोपर्यंत माणूस चंद्रावर जाऊन परत आला होता.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला : माटुंग्याच्या त्या आश्रयस्थानाने कित्येकांना छप्पर आणि अन्न दिले. खरे आहे. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते, घरच्यांनी टाकलेली माणसे रस्त्यावर मरत होती, आणि ॲक्वर्थ यांना खलनायक ठरवणे हा आळशी इतिहास होईल. दया होतीच. परंतु त्या दयेची अट ही होती की माणसाने रस्ता सोडावा. दयेचे हे स्वरूप ओळखायला शिकले पाहिजे, कारण ते अजून गेलेले नाही.

दुसरा आक्षेप आपल्या धाग्यांखाली नेहमी येतो : हे सगळे इंग्रजांनी आणले, आपल्याकडे पूर्वी असे नव्हते. अन्नछत्रे होती, आंधळ्या-पांगळ्यांना दानधर्म होता, हे मान्य. पण याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा टीका आंधळ्या-पांगळ्यांना पोटाला द्यायला सांगते आणि वारसाहक्क मात्र नाकारते. हा नकार बहुतांशी दूर करायला १९२८ चा कायदा व्हावा लागला. पोट भरावे, वाटा मागू नये, हा आपला जुना हिशेब होता. इंग्रजी कायद्याने त्यात रस्त्याची भर घातली.

मग स्वातंत्र्य आले. संविधानाने समता दिली. आणि १९५९ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यातील भीक मागण्याची व्याख्या १८९८ च्या कायद्याशेजारी ठेवून वाचा. भिक्षेच्या हेतूने जखम, इजा, व्यंग किंवा रोग उघडा करणे. निर्वाहाचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणे किंवा थांबणे. साठ वर्षांपूर्वीचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे उतरले आहेत. ‘कुष्ठरोगी’ हा शब्द तेवढा व्याख्येतून गळला आणि जाळे अधिक रुंद झाले. याहून कठोर कलम पुढे आहे : पकडून संस्थेत ठेवलेली व्यक्ती आंधळी, पांगळी किंवा अन्य प्रकारे कायमची असहाय असेल, तर मुदत संपल्यावरही तिला अनिश्चित काळ डांबून ठेवता येते. धडधाकट भिकाऱ्याची सुटका ठरलेल्या दिवशी व्हावी आणि आंधळ्याची होऊ नये, असे स्वतंत्र भारतातील एका विधिमंडळाने लिहून मंजूर केले. हा कायदा पुढे अनेक राज्यांनी आणि दिल्लीनेही घेतला. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती त्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्याने तो जन्माला घातला, तेथे तो आपल्या जागी राहिला.

जनगणनेची गोष्ट याच धाग्यात ओवावी लागते. १८८१ ते १९३१ या काळात दर दहा वर्षांनी सरकार चार व्यंगांची नोंद करत असे : वेड, मूकबधिरपणा, अंधत्व आणि कुष्ठरोग. पांगळ्यांची नोंद नव्हती. १९४१ पासून ही मोजणीच थांबली. आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या निमित्ताने १९८१ साली ती पुन्हा झाली, १९९१ ला पुन्हा गळली, आणि अपंगांच्या संघटनांनी रेटा लावल्यावर २००१ पासून परत आली. म्हणजे ज्या दशकांत आपल्या शहरांचे उड्डाणपूल, बसगाड्या, सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठे उभी राहिली, त्यांतील बहुतेक काळ नियोजनकर्त्यांच्या टेबलावर अपंगांचा आकडाच नव्हता. २०११ च्या मोजणीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातील २९ लाखांहून अधिक.

आता कायद्याच्या उलट्या प्रवासाकडे वळू. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला सर्वंकष कायदा झाला. रस्ते, इमारती, वाहतूक यांविषयी त्यात कलमे होती, पण त्यांना एक शेपूट जोडले होते : आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत. सरकारी भाषेचा ज्यांना थोडा परिचय आहे त्यांना कळेल की या शेपटाने धड गिळले. २०१६ साली नवा कायदा आला. सातऐवजी एकवीस प्रकारचे अपंगत्व त्याने मान्य केले. जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत वापरण्याजोग्या कराव्यात, असे म्हटले. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. आपल्या जवळचे तलाठी कार्यालय किंवा पोलीस चौकी आठवून पाहा.

आणि एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा केंद्राने रद्द केला तोही २०१६ सालीच. १९९५ चा कायदा कुष्ठरोगमुक्त व्यक्तीला अपंग म्हणून संरक्षण देत होता, आणि तिला गाडीत बसण्यास बंदी करू देणारा कायदा तेव्हा जिवंत होता. एकाच कपाटात हे दोन कायदे एकवीस वर्षे शेजारी शेजारी राहिले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले. २०१६ चा कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणतो, आणि त्याखालचा पंधरावा नियम ‘केल्यास बरे’ अशा मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो. म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत करायला सांगितली. १९९५ चे ते शेपूट नियमाच्या रूपाने परत उगवले होते, ते कापायचा हा प्रयत्न होता.

न्यायालयातून आता प्रत्यक्ष पदपथावर येऊ, कारण खरा इतिहास तेथे सिमेंटमध्ये लिहिलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथाची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी आणि चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. उतार बाराला एक असा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार हवा. आपल्याकडे जेथे उतार करतात तेथे बहुधा फूटभर लांबीचा सिमेंटचा गोळा थापलेला असतो. त्यावरून चाकाची खुर्ची मागे उलटते. मधेच प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी पदपथ तुटतो, कारण मोटार आत जायला हवी. चाकांसाठी पदपथ तोडायला आपण कधीच कचरलो नाही. कोणाची चाके, एवढाच प्रश्न आहे.

पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जपानमध्ये सेईइची मियाके यांनी त्या शोधल्या. १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसल्या. उभ्या रेघा म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा. पायाने वाचायची ती लिपी आहे. आपल्या शहरांत त्या रेघा झाडाच्या बुंध्याला, विजेच्या डब्याला किंवा वडापावच्या गाडीला जाऊन धडकतात. लिपी आली, पण ती पायाने कोणी तरी वाचणार आहे ही कल्पना आली नाही.

मुंबईच्या पदपथांवरचे लोखंडी आणि दगडी खांब याचे उत्तम उदाहरण आहे. दुचाकीस्वार पदपथावर घुसतात म्हणून ते रोवले. काही ठिकाणी इतके जवळ रोवले की चाकाची खुर्ची त्यांतून जाईना. २०२३ साली खुर्ची वापरणाऱ्या एका नागरिकाच्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा प्रशासनाला त्या अंतराचा विचार करावा लागला. खांब रोवणाऱ्याच्या मनात द्वेष होता असे मला मुळीच वाटत नाही. त्याच्या मनातल्या पादचाऱ्याला दोन पाय होते. तो पादचारी त्याला शंभर-सव्वाशे वर्षांच्या कायद्यांनी पुरवला होता.

‘खर्च परवडत नाही’ या उत्तराला २००१ सालचा एक प्रसंग पुरेसा आहे. जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या परिषदेला आणि नंतर दिल्लीला. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचे होते. जावेद अबिदी आणि इतर कार्यकर्त्यांनी हा विषय लावून धरला, आणि वारशाला धक्का लागेल म्हणून जे वर्षानुवर्षे अशक्य होते ते पुरातत्त्व खात्याने लाकडी उतार टाकून करून दाखवले. पाहुणा मोठा असेल तर लाकूड मिळते.

वारशाच्या युक्तिवादावर आपण इतिहासप्रेमींनी अधिक प्रामाणिक व्हायला हवे, कारण तो आपल्याच तोंडी असतो. दगडाला हात लावू नये, हे मलाही मान्य आहे. पण रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे आणि त्याने रायगडाचे काही उणे झालेले नाही. घारापुरीच्या पायऱ्यांवर डोली चालते. चौघांच्या खांद्यावर बसून त्रिमूर्ती पाहायला जाणे कोणाला चालेल, कोणाला अपमानाचे वाटेल, पण दुसरा पर्याय नसेल तर ती निवड राहत नाही. आणि मुंबई-पुण्यातील बहुतेक संग्रहालये, ग्रंथालये, दप्तरखाने यांना पुराणवास्तूची सबब नाहीच. मी ज्या एका ग्रंथसंग्रहालयात जुनी वृत्तपत्रे वाचायला जाते, तेथे संदर्भ विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. खुर्चीवरचा संशोधक तेथे कधी दिसला नाही. म्हणून कर्मचारी सांगतात की मागणीच नाही. १९४१ नंतरच्या जनगणनेची युक्ती ती हीच.

शब्दांविषयी एकच बाजूची टीप. हा धागा ‘अपंग’ हा शब्द वापरतो, ‘दिव्यांग’ नाही. सरकारने २०१५ च्या अखेरीस तो शब्द पुढे केला तेव्हा अपंगांच्या अनेक संघटनांनीच त्याला विरोध केला होता. ज्यांना तो आपला वाटतो त्यांनी अवश्य वापरावा. मला मात्र दैवी अवयवाच्या भाषेत त्या जुन्या दयेचा वास येतो.

मग करावे काय? माझ्या मते पहिले काम पदपथाचे नाही, कायद्याचे आहे. महाराष्ट्राने १९५९ च्या कायद्यातून व्यंग दाखवण्याचे आणि आंधळ्या-पांगळ्यांना बेमुदत डांबण्याचे कलम काढून टाकावे. आज त्याचा वापर किती होतो हा मुद्दा गौण आहे. एकीकडे अपंग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढायचा आणि दुसरीकडे हे कलम जपायचे, याला धोरण म्हणता येत नाही.

दुसरे काम कंत्राटाच्या देयकाचे. पदपथाचे काम पूर्ण झाल्याचा दाखला अभियंत्याच्या सहीवर मिळतो. त्या सहीआधी एक खुर्ची वापरणारी आणि एक पांढरी काठी वापरणारी व्यक्ती, दोघांनी त्या पदपथाची पूर्ण लांबी कोणाच्या मदतीशिवाय पार करावी, आणि त्यांना त्या कामाचा मोबदला मिळावा. जेथे ते अडतील तेथे देयक अडावे. सल्लागार समित्यांत अपंगांचा एखादा प्रतिनिधी बसवून चहा पाजण्यापेक्षा हे परिणामकारक ठरेल असा माझा अंदाज आहे. बारा रुपयांची वस्तू असो की बारा कोटींचा रस्ता, आपल्याकडे सुधारणा देयकापाशीच होते. आणि तो उतार झाला की त्यावरून डबेवाल्याची सायकल, हमालाची हातगाडी आणि तान्ह्या मुलाची गाडी आपोआप जाईल; त्यासाठी वेगळी योजना लागणार नाही.

तिसरे आपले स्वतःचे. दर रविवारी मुंबई-पुण्यात वारसाफेऱ्या निघतात. आपल्यापैकी अनेक जण त्या घेऊन जातात. जाहिरातीत ‘आरामदायक बूट घाला’ एवढेच असते. किती अंतर, किती पायऱ्या, वाटेत वापरता येईल असे स्वच्छतागृह कोठे, कोणत्या थांब्यावर बसायला जागा आहे, खुणांच्या भाषेचा दुभाषी आहे की नाही, हे लिहायला कोणत्याही न्यायालयाचा आदेश लागत नाही. फोर्टमधला एक मार्ग मी या महिन्यात मोजपट्टी घेऊन मोजणार आहे : एशियाटिकच्या पायऱ्यांखालून हॉर्निमन सर्कल, तेथून फ्लोरा फाउंटन, आणि पुढे ओव्हल मैदान. प्रत्येक कठड्याची उंची आणि प्रत्येक दोन खांबांमधले अंतर नोंदवून नकाशा येथेच टाकेन. पुणे, नागपूर, कोल्हापूर किंवा पणजीत कोणी आपापला मार्ग मोजणार असेल तर खाली लिहा. मोजण्याचा तक्ता पाठवते, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकाच मापात येतील.